गटाबाहेर राहिलेल्यांसाठी मोबाइल : शेतीशिक्षण आणि डिजिटल दरी

तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात ‘विडियल’ ही महिला बचत गटांची संस्था कार्यरत आहे. तमिळ भाषेत विडियल म्हणजे पहाट. सन २००८ च्या सुमारास या संस्थेच्या सभासद महिलांनी शेळीपालनासाठी बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव सादर केला. प्रत्येक महिलेसाठी नऊ शेळ्या, एक बोकड आणि एक मोबाइल फोन अशी त्यातील मागणी होती. शेळ्यांच्या कर्जात फोन कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर महिलांच्या रोजच्या अनुभवात होते. घरात फोन असला तरी तो बहुधा पुरुषांच्या खिशात असतो. शिकायचे असेल तर फोन स्वतःचा असला पाहिजे आणि तो शेळ्यांमागे रानात फिरताना जवळ असला पाहिजे.

कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘शेतकऱ्यांसाठी आजीवन शिक्षण’ या उपक्रमातून या महिलांना शेळीपालनाचे छोटे ध्वनिसंदेश फोनवर पाठवले जाऊ लागले. जनावराची निवड, चारा, आजारांची लक्षणे, व्यवसायाचा हिशेब असे विषय त्यांत होते. अनेक महिलांचे शालेय शिक्षण अल्प होते. परंतु ऐकण्यासाठी अक्षरओळख लागत नाही, आणि चराईच्या वेळी हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात.

फोनला शेळीइतकेच उत्पादक साधन मानून त्यासाठी कर्ज मागण्याची ही कल्पना कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. मोबाइलद्वारे शिक्षण देण्याच्या अनेक योजनांचा आरंभ ॲप तयार करण्यापासून होतो. थेनीच्या महिलांनी आरंभ वेगळ्या प्रश्नापासून केला : ज्याला शिकायचे आहे त्याच्या हाती काय आहे, कोणत्या वेळी आहे, आणि त्यावर हक्क कोणाचा आहे? डिजिटल दरी कमी करावयाची असेल तर आपल्यालाही याच प्रश्नापासून निघावे लागेल.

दरी नेमकी कोठे आहे?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सुविधा होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. त्यानंतर स्वस्त डेटा आणि स्मार्टफोन यांचा झपाट्याने प्रसार झाला. तरीही कुटुंबात सुविधा असणे आणि कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला ती वापरता येणे यांत मोठे अंतर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील ग्रामीण महिलांपैकी ४६.६ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या ग्रामीण महिला २४.६ टक्के होत्या, तर ग्रामीण पुरुषांत हेच प्रमाण ४८.७ टक्के होते.

या आकड्यांकडे शेतीच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, दूध काढणे, बियाणे राखणे ही कामे प्रामुख्याने महिला करतात. किडीचा पहिला प्रादुर्भाव आणि जनावराच्या वागण्यातील पहिला बदल बहुधा त्यांच्याच नजरेस पडतो. मात्र कृषी सल्ल्याचा संदेश ज्या क्रमांकावर जातो, तो सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाचा असतो. जिच्यासमोर पीक उभे आहे तिच्यापर्यंत सल्ला पोहोचतच नाही, आणि ज्याच्यापर्यंत तो पोहोचतो तो त्या वेळी शेतात नसतो.

ही दरी एकाच ठिकाणी नाही. तिचे किमान चार थर आहेत. पहिला थर उपकरणाचा : कोणाकडे स्मार्टफोन, कोणाकडे साधा बटणांचा फोन, कोणाकडे काहीच नाही. दुसरा अक्षरांचा आणि भाषेचा : संदेश मराठीत असला तरी तो वाचता येणे आणि त्यातील शब्द आपले वाटणे वेगळे. तिसरा मालकीचा : एकच फोन घरात चौघांचा असेल तर मुलाच्या महाविद्यालयाबरोबर तो सकाळीच गावाबाहेर जातो आणि सकाळचा सल्ला रात्री घरी येतो. चौथा थर विश्वासाचा : अनोळखी क्रमांकावरून आलेल्या सूचनेवर भरवसा ठेवून फवारणी करायची की नाही, हा निर्णय खर्चाचा आणि जोखमीचा असतो.

पूर्वी दरीच्या पलीकडे राहणाऱ्याचे नुकसान माहितीपुरते असे. आता अनुदान, पीकविमा, शेतकरी नोंदणी आणि ई-केवायसी या साऱ्यांची वाट फोनमधून जाऊ लागली आहे. त्यामुळे फोन वापरता न येणारा शेतकरी ज्ञानाबरोबर हक्कालाही मुकण्याची शक्यता आहे. मोबाइल शिक्षणाची निकड यातूनच निर्माण झाली आहे.

वारणेचा धडा : साधन साधे असावे

या विषयातील एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. सन १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उभारून ऊस उत्पादकांना कारखान्याशी जोडावे आणि त्याच केंद्रांतून शेतीची व अन्य माहिती मिळावी, अशी त्यामागील संकल्पना होती. त्या काळात हा प्रकल्प देशभर गाजला.

काही वर्षांनंतर संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला. शेतकरी तेथे मुख्यतः उसाच्या आणि खताच्या व्यवहारांसाठी येत होते. आपला किती टन ऊस गेला, खताची उचल किती झाली, हे त्यांचे प्रश्न होते. एवढ्या कामासाठी संगणक, त्याची देखभाल आणि विजेवरचे अवलंबित्व हा सारा पसारा आवश्यक नव्हता. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या चमूने सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर चालणारी व्यवस्था आठ महिने चालवून पाहिली. ठरावीक संकेत लिहून संदेश पाठवला की माहिती फोनवर परत येत असे. संगणकाचे काम साध्या फोनने कमी खर्चात झाले.

वारणेच्या अनुभवातून दोन गोष्टी शिकता येतात. शेतकऱ्याचा खरा प्रश्न कोणता, हे आधी पाहावे आणि तो सोडवू शकणारे सर्वांत साधे साधन निवडावे. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. शेतकरी ज्या व्यवहारासाठी आपणहून येतो त्या व्यवहाराला जोडून शिक्षण दिले तर ते टिकते. दूध संकलन केंद्रावरील फॅटची नोंद, बाजार समितीतील दर, उसाचे वजन या निमित्ताने उघडला जाणारा फोनच पुढे शिकण्यासाठीही उघडला जातो. केवळ शिक्षणासाठी म्हणून तयार केलेले ॲप मात्र डाउनलोड झाल्यावर बहुधा विसरले जाते.

आवाजाची ताकद आणि प्रश्न विचारण्याची मुभा

साध्या फोनवर पोहोचण्याचा सर्वांत मोकळा मार्ग आवाजाचा आहे. किसान कॉल सेंटर ही सेवा २१ जानेवारी २००४ पासून सुरू आहे; १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर २२ भाषांतून, सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, शेतकरी आपला प्रश्न विचारू शकतात. स्मार्टफोन नसलेल्या शेतकऱ्यासाठी ही आजही सर्वांत सुलभ डिजिटल सेवा आहे. तरीही मोबाइल प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांत हा क्रमांक लावून दाखवण्याचा साधा सराव क्वचितच घेतला जातो.

गुजरातमध्ये डेव्हलपमेंट सपोर्ट सेंटर या संस्थेच्या सहकार्याने ‘अवाज ओटलो’ नावाची ध्वनिसेवा विकसित झाली. घराबाहेरच्या ओट्यावर बसून गप्पा माराव्यात, तसे फोनवर जमण्याचे हे ठिकाण. शेतकरी क्रमांक लावून आपला प्रश्न ध्वनिमुद्रित करीत, इतरांचे प्रश्न व तज्ज्ञांची उत्तरे ऐकत आणि स्वतःचा अनुभवही सांगत. आरंभीच्या सात महिन्यांच्या चाचणीत ५१ शेतकरी सहभागी होते. तयार कार्यक्रम ऐकण्याची सोय असूनही सर्वाधिक वापर प्रश्नोत्तरांच्या विभागाचा झाला. शेतकऱ्याला केवळ श्रोता करून ठेवले की तो कंटाळतो. त्याला विचारण्याची आणि सांगण्याची जागा दिली की तो परत येतो.

याच संशोधनातील आणखी दोन निष्कर्ष विस्तार कार्यकर्त्यांच्या थेट उपयोगाचे आहेत. फोनवर बोलून पर्याय निवडण्यापेक्षा अंकाचे बटण दाबून निवडणे शेतकऱ्यांना अधिक सोपे गेले. पुढील अभ्यासात एक विसंगतीही आढळली. कोणाचा सल्ला ऐकाल, असे विचारल्यावर शेतकरी शास्त्रज्ञांचे नाव घेत; परंतु अधिक माहितीसाठी पुन्हा फोन करण्याचे प्रमाण मात्र सहकारी शेतकऱ्याच्या आवाजातील सूचनेनंतर जास्त होते. शास्त्रज्ञाने तपासलेला मजकूर शेतकऱ्याच्या तोंडून सांगितला जावा, हे सूत्र यातून निघते. अचूकतेची जबाबदारी संस्थेने घ्यावी आणि आवाज गावाचा असावा.

भाषेचा प्रश्नही येथेच सुटू शकतो. छत्तीसगडमध्ये २०१० पासून सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या ध्वनिमंचावर गोंडी भाषकांना आपल्या भाषेत बातमी आणि तक्रार नोंदवता आली. लिहिता येत नाही म्हणून कोणी बाहेर राहिले नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात काम करणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मराठीच्या अंतर्गतही हीच काळजी घ्यावी लागते. विदर्भातील शेतकरी कपाशीला पऱ्हाटी म्हणतो. त्याच्या शब्दांत संदेश गेला तर तो आपल्या शेताविषयी बोलतो आहे, हे त्याला पहिल्याच वाक्यात कळते.

चित्रफीत, पण गटात बसून

काही गोष्टी ऐकून समजत नाहीत, पाहाव्या लागतात. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि अल्पावधीत अनेक राज्यांत पसरली. तिच्या डोक्यावर इंग्रजीतील उलट्या वाय अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात मांडल्यासारखे चार ठिपके असतात. हे वर्णन कितीही वेळा वाचून दाखवले तरी शेतकऱ्याच्या मनात चित्र उभे राहीलच असे नाही. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत, पोंग्यातून अळी काढून तळहातावर धरून दाखवली, की ओळख पक्की होते. बीजप्रक्रिया, कलम बांधणे, मुरघास तयार करणे, दुधाळ जनावराची कासदाह चाचणी या विषयांनाही चित्रफीत अधिक अनुकूल आहे.

या क्षेत्रात ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाचा अनुभव मोलाचा आहे. सन २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये संशोधन प्रकल्प म्हणून तो सुरू झाला आणि पुढे स्वतंत्र संस्था झाला. स्थानिक शेतकऱ्यानेच आपल्या शेतात पद्धत करून दाखवायची, गावातील कार्यकर्त्याने ती चित्रित करायची आणि शेजारच्या गावांतील गटांसमोर दाखवायची, अशी त्याची रीत आहे. दाखवणारा कार्यकर्ता मध्ये थांबतो, प्रश्न विचारतो, शंका नोंदवतो आणि कोणी पद्धत अवलंबली हे पुढच्या वेळी पाहतो. कर्नाटकातील १६ गावांत झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासात काही पद्धतींचा अवलंब पारंपरिक विस्तार पद्धतीच्या तुलनेत सुमारे सातपट झाला. चित्रफीत पाहताना गावकऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असे : हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा? पडद्यावरील माणूस आपल्यासारखा आहे याची खात्री पटली की मगच त्याचे म्हणणे ऐकले जाते.

येथे एका समजुतीचा पुनर्विचार करावा लागतो. मोबाइल आला म्हणजे विस्तार कार्यकर्त्याची गरज कमी झाली, असे अनेकदा गृहीत धरले जाते. डिजिटल ग्रीनच्या अनुभवात फरक पडला तो चित्रफीत आणि माणूस एकत्र आल्यामुळे. त्यातील माणूस वगळून तीच फीत नुसती फोनवर पाठवली तर ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, डेटा आहे आणि पाहण्याची सवड आहे त्यालाच लाभ होतो. ज्यांना आधीच बरेच मिळते त्यांना आणखी मिळते आणि दरी उलट रुंदावते.

कार्यकर्त्यांचेही शिक्षण

मोबाइलवरील शिक्षण शेतकऱ्यांइतकेच कार्यकर्त्यांनाही हवे आहे. कृषी सहायक, कृषी सखी, पशुसखी, शेतकरी उत्पादक कंपनीचे क्षेत्रीय कर्मचारी यांना वारंवार प्रशिक्षणासाठी तालुक्याला बोलावणे खर्चाचे असते, आणि महिला कार्यकर्त्यांना घर सोडून राहणे कठीण जाते. या बाबतीत आरोग्य क्षेत्राने आपल्या पुढे पाऊल टाकले आहे. बिहारमध्ये २०१२ साली सुरू झालेला ‘मोबाइल ॲकॅडमी’ हा आशा कार्यकर्त्यांसाठीचा ध्वनी-अभ्यासक्रम २०१६ पासून राष्ट्रीय पातळीवर नेण्यात आला. एकूण २४० मिनिटांचा हा अभ्यासक्रम ११ प्रकरणांत विभागलेला असून प्रत्येक प्रकरणानंतर छोटी प्रश्नमंजूषा असते. तो कोणत्याही साध्या फोनवर ऐकता येतो, मध्येच थांबवता येतो आणि थांबलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करता येतो. पूर्ण करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते.

शेतीसाठी अशी रचना अवघड नाही. खरीपपूर्व तयारी, माती नमुना घेण्याची पद्धत, बियाण्याची उगवणक्षमता चाचणी, कीटकनाशक हाताळताना घ्यावयाची सुरक्षितता हे विषय पाच-पाच मिनिटांच्या पाठांत बसतात. दूध घालायला जाताना किंवा बसची वाट पाहताना एक पाठ ऐकून होतो. कृषी विज्ञान केंद्रांनी आपापल्या जिल्ह्यासाठी असे दहा पाठ तयार केले तरी मोठी सुरुवात होईल.

परिणाम किती अपेक्षावा?

या माध्यमाविषयी अवाजवी आशा बाळगू नये. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात भारत आणि आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडील देशांत झालेले अभ्यास एकत्र तपासले गेले. मोबाइलद्वारे दिलेल्या कृषी माहितीमुळे उत्पादनात सरासरी ४ टक्के वाढ आणि शिफारस केलेल्या निविष्ठा वापरण्याच्या शक्यतेत २२ टक्के वाढ दिसून आली. चार टक्के हा आकडा लहान वाटेल. परंतु एका शेतकऱ्यापर्यंत संदेश पोहोचवण्याचा खर्च अत्यल्प असल्याने लाभाशी त्याचे गुणोत्तर अनुकूल ठरते. मात्र ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये. संदेश चुकीच्या वेळी, चुकीच्या भाषेत, चुकीच्या व्यक्तीकडे गेला तर सरासरीतील आपला वाटा शून्यही असू शकतो.

संदेश शिकवणारा असावा

आपण पाठवत असलेले अनेक संदेश बरोबर असतात, पण शिकवत नाहीत. एक उदाहरण पाहू : ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आढळल्यास एकात्मिक व्यवस्थापनाचा अवलंब करावा.’ या वाक्यात शास्त्रीय चूक नाही; परंतु ते ऐकून शेतकऱ्याने उद्या सकाळी नेमके काय करावे?

तोच आशय असा सांगता येईल : ‘उद्या सकाळी कपाशीत जा. वेगवेगळ्या ठिकाणच्या २० झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडा. बोंड फोडून आत पाहा. २० पैकी २ बोंडांत अळी किंवा तिने केलेले नुकसान दिसले, तर फवारणीचा निर्णय घेण्याची वेळ आली आहे. किती बोंडांत अळी दिसली तो आकडा आम्हाला कळवा.’ हा संदेश अर्ध्या मिनिटात बोलून होतो. त्यात कृती आहे, मोजमाप आहे, निर्णयाची खूण आहे आणि परत बोलण्याचे आमंत्रण आहे. शेतकरी एकदा हे करायला शिकला की पुढील हंगामात संदेशाची वाट पाहत नाही. शिक्षण आणि सूचना यांत हाच फरक आहे.

संदेशाचे बळ त्यामागील निरीक्षणात असते. महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राबवल्या जाणाऱ्या ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पात कीड सर्वेक्षक प्रत्यक्ष शेतात जाऊन नोंदी घेऊ लागले आणि त्या नोंदींवर आधारित सल्ला लघुसंदेशाने दिला जाऊ लागला. हवामानाबाबतही तसेच आहे. ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला उपलब्ध होतो. स्मार्टफोन असलेल्या एका कार्यकर्त्याने तो वाचून आपल्या गावापुरता अर्थ लावावा आणि एका मिनिटाच्या आवाजात साध्या फोनधारकांना कळवावा. दरीवर असा छोटा पूल बांधण्यासाठी नव्या ॲपची गरज लागत नाही.

गावपातळीवर करावयाची सुरुवात

१. प्रथम ‘कोण नाही’ याची यादी करावी. गावाच्या व्हॉट्सॲप गटात किती सदस्य आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याऐवजी गावातील शेती करणाऱ्या सर्व कुटुंबांची यादी समोर ठेवून गटात नसलेल्यांची नावे लिहावीत. बटाईने शेती करणारे, एकट्या महिला, वस्तीवर राहणारी कुटुंबे आणि वृद्ध शेतकरी यांची नावे या यादीत वारंवार आढळतील.

२. प्रत्येक नावापुढे फोनचा प्रकार, फोन कोणाजवळ असतो आणि दिवसात कोणत्या वेळी उपलब्ध असतो, हे नोंदवावे. घरातील महिलेचा स्वतंत्र क्रमांक असल्यास तो, तिच्या संमतीने, संदेशाच्या यादीत घ्यावा.

३. एकाच आशयाची तीन रूपे तयार ठेवावीत : स्मार्टफोनसाठी चित्रफीत, साध्या फोनसाठी ध्वनिसंदेश, आणि फोन नसलेल्यांसाठी गटसभेत किंवा ध्वनिक्षेपकावर सांगता येईल असा मजकूर.

४. महिन्यातून किमान एकदा गटात बसून चित्रफीत दाखवावी. मध्ये थांबून विचारावे, शंका लिहून घ्याव्यात आणि पुढील बैठकीची सुरुवात त्या शंकांच्या उत्तरांनी करावी.

५. शिकवणारे गावातच शोधावेत. महाविद्यालयात जाणारी मुलगी आईला ध्वनिसंदेश पाठवायला शिकवते, तेव्हा कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा ते शिक्षण अधिक टिकते. बचत गटाच्या मासिक बैठकीतील पंधरा मिनिटे या सरावाला द्यावीत.

६. प्रत्येक संदेशावर तारीख, पीक, क्षेत्र आणि पाठवणाऱ्या संस्थेचे नाव असावे. मागील वर्षीचा किंवा अन्य राज्यातील सल्ला पुढे ढकलला गेल्याने चुकीची फवारणी होते. कीटकनाशकाचा उल्लेख त्या पिकासाठी अधिकृत शिफारस असेल तरच करावा. प्रमाण आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी सांगितल्याशिवाय नाव सांगू नये.

७. फसवणुकीपासून बचाव हा अभ्यासक्रमाचा भाग मानावा. ओटीपी, बँक खाते आणि आधारचा तपशील फोनवर कोणालाही सांगू नये, हे पहिल्याच पाठात यावे. एकदा फसलेला शेतकरी पुढे खऱ्या सल्ल्यावरही विश्वास ठेवत नाही.

८. यशाचे मोजमाप बदलावे. किती संदेश पाठवले याऐवजी किती जणांनी ऐकले, किती जणांनी परत विचारले, किती जणांनी शेतात करून पाहिले आणि ‘कोण नाही’ ही यादी किती लहान झाली, या चार गोष्टी नोंदवाव्यात.

प्रगतिशील शेतकऱ्यांची भूमिका

आपल्या वाचकांतील प्रगतिशील शेतकऱ्यांना येथे विशेष स्थान आहे. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, ॲप हाताळण्याचे कौशल्य आहे आणि नव्या पद्धती करून पाहण्याची तयारी आहे. म्हणूनच त्यांच्या शेतातील एक मिनिटाची चित्रफीत किंवा त्यांच्या आवाजातील संदेश शेजाऱ्याला अधिक पटतो. मात्र सांगताना केवळ यश सांगू नये. ठिबक संचाची निवड चुकली, बीजप्रक्रिया न केल्याने मर रोग वाढला, बाजार पडल्यावर माल काढला, हे अनुभवही तितकेच शिकवतात आणि सांगणाऱ्याविषयी विश्वास वाढवतात. प्रत्येक प्रगतिशील शेतकऱ्याने गटाबाहेरील पाच कुटुंबांची जबाबदारी घेतली आणि मिळालेला सल्ला त्यांना फोनवर किंवा बांधावर सांगितला, तरी गावातील चित्र बदलू लागेल.

समारोप

यंत्र बदलत राहील. गावातील संगणक केंद्रांची जागा लघुसंदेशाने घेतली, त्याची जागा ॲपने घेतली आणि आता मराठीत बोलून उत्तर मिळवता येईल अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही शेतकऱ्यांपर्यंत येऊ लागली आहेत. लिहिता न येणाऱ्यासाठी हे बोलके साधन निश्चितच आशादायक आहे. परंतु फोन घरातील पुरुषाकडेच राहिला, उत्तराची खातरजमा करणारे कोणी जवळ नसले आणि ऐकलेले करून पाहण्यासाठी सोबत मिळाली नाही, तर नवे साधनही जुन्याच लोकांपर्यंत पोहोचून थांबेल.

थेनीच्या महिलांनी कर्जाच्या कागदावर शेळीच्या रांगेत फोन लिहिला, तेव्हा त्यांनी आपली नड नेमकी ओळखली होती. आपल्या कार्यक्षेत्रातील नड ओळखण्यासाठी फार मोठ्या तयारीची आवश्यकता नाही. येत्या हंगामातील पहिला सल्ला पाठवण्यापूर्वी एक वही घ्यावी, तो ज्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही त्यांची नावे तीत लिहावीत आणि त्यांपैकी पहिल्या घरी स्वतः जाऊन यावे.